कानवाल्याने निवडलेला मॅनिफोल्ड

माझ्या दादाला आमच्या रस्त्यावर कोणी नावाने ओळखत नाही. तो कानवाला मिस्त्री. गाडी दारात येऊन धड उभीही राहिलेली नसायची, आणि हा शेडच्या आतून ओरडायचा, "दोन नंबरचा इंजेक्टर गेलाय हिचा!" उघडून बघावं तर दोन नंबरचाच गेलेला. गाडीवाले तोंडात बोटं घालायचे. मला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. मी त्याची धाकटी बहीण. लहानपणी साखरेचा डबा कोणी उघडला हे त्याला पलीकडच्या खोलीत बसून कळायचं, आणि डबा दर वेळी मीच उघडलेला असायचा. त्याच्या कानाचा मार पहिला मी खाल्लाय.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. आत दादा, त्याचे पाने, भिंतीला टांगलेल्या जुन्या बेल्टच्या माळा आणि पायाखाली इतकी वर्षं सांडलेल्या ऑइलने काळीभोर, मऊ झालेली जमीन. पुढच्या कोपऱ्यात, जिथे उजेड बरा येतो, तिथे माझं शिलाई मशीन. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते मी. रेक्झिन, फोम, जाड दोरा. माझा नवरा गेला तेव्हा मी घरात भिंतीकडे तोंड करून बसून असायची. दादा आला आणि म्हणाला, "रडायचं तर शेडमध्ये येऊन रड. निदान चार कव्हरं तरी होतील." त्याची माया ही अशी, हातोडीने ठोकून बसवलेली. पण ती बसली ती बसलीच. माझ्या मुलाला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं, गाडी शिकवली, कान उपटले, आणि तो कमावता झाला तेव्हा त्याच्यासाठी सेकंडहँड पिकअपही त्यानेच ऐकून, हो, ऐकूनच, निवडली.

त्या कानाचं पुढे काय झालं ते सांगायला बसले आहे. सांगताना मला राग येतो आणि रडूही येतं. कशाला किती जागा द्यावी ते कळत नाही, म्हणून घडलं तसं सांगते.

कान एका दिवसात जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. एकदा दादा माझ्या मशीनपाशी येऊन म्हणाला, "तेल घातलंस वाटतं. किती गुपचूप चालतंय." मी तेल घातलं नव्हतं. उलट त्या आठवड्यात मशीन इतकं कुरकुरत होतं की माझंच डोकं उठलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो खूश होऊन निघून गेला. मग खिशात फोन वाजत राहायचा आणि हा चहा पीत बसलेला. वहिनी घरात हाका मारून मारून दमायची आणि शेवटी खांद्याला हात लावायची, तर हा दचकून तिच्यावरच खेकसायचा, "चोरासारखी काय येतेस!"

गाड्यांची कामं मात्र चालूच होती. इतक्या वर्षांचा हात. धुराचा रंग बघून, ऑइल बोटावर घेऊन, चालवणाऱ्याने गाऱ्हाणं कसं सांगितलं त्यावरून, त्याचा अंदाज दहातल्या आठ वेळा बरोबर यायचा. पूर्वी गाडीवाल्याला तोंड उघडू द्यायचा नाही. आता म्हणायचा, "आधी तू सांग. तुला कसला आवाज वाटतो?" लोक म्हणायचे, मिस्त्री वयानुसार नम्र झाले. मी दोरा ओवत ऐकायची. तो नम्र बिम्र काही झाला नव्हता. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता.

वहिनीने एकदा धीर करून कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. त्याने ताट बाजूला सरकवलं. "माझे कान तपासणार? माझे? उद्या सुताराला विचारा, तुझे हात जागेवर आहेत का म्हणून." दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय सोडला. खरं सांगायचं तर भीती आम्हालाही होती. रस्त्यावर दुसरी गॅरेजं आहेत, त्यांच्याकडे वायर लावून दोष दाखवणारी यंत्रं आहेत, पोरं आहेत, झगझगीत दिवे आहेत. दादाकडे कान होता. कानवाल्याचा कान गेला हे एकदा बाहेर पडलं की त्याच्या दारात कोण उभं राहणार? हे त्याला आमच्याहून जास्त कळत होतं, म्हणून तो आम्हालाही कळू देत नव्हता.

अशात माझ्या लेकाच्या पिकअपचा मॅनिफोल्ड फुटला.

गाड्यांतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही शेडमध्ये बसून बसूनच कळलं आहे. इंजिनातून जो तापलेला धूर निघतो तो गोळा करून टर्बोत सोडणारा जाडजूड लोखंडी तुकडा म्हणजे मॅनिफोल्ड. टर्बो त्या धुराच्या जोरावर फिरतो आणि गाडीला चढावर ताकद देतो. मॅनिफोल्डला चीर पडली की धूर मध्येच पळतो, टर्बोला पुरत नाही, आणि भरलेली गाडी चढावर म्हातारीसारखी धापा टाकते. माझा लेक एका कारखान्यातून लाकडी दारं आणि खिडक्यांच्या चौकटी उचलून गावोगाव पोचवतो. दारं काही हलकी नसतात. गाडीत ताकद नाही म्हणजे काम नाही, इतकं साधं.

कंपनीच्या मॅनिफोल्डची किंमत फोनवर ऐकली आणि लेकाने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कंपनीचा नको," दादा म्हणाला. "कंपनी डब्याचे पैसे घेते. बाहेरचा चांगला मिळतो. पण बाहेरचा घ्यायचा तर पारखून. दहा तुकड्यांत एक सोनं असतं."

"मामा, तुम्ही आहात म्हणून," लेक म्हणाला. त्याचा मामावर असा विश्वास की मामाने सांगितलं असतं तर त्याने मॅनिफोल्डऐवजी पाण्याची नळीही बसवली असती.

पैसे माझ्याकडे होते. माझे थोडे, त्याचे थोडे, एका पाकिटात. दुसरं पाकीट नव्हतं. म्हणून मीही गेले.

पार्टचं दुकान म्हणजे अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, आणि मध्ये ग्रीस, रबर आणि पुठ्ठ्याचा वास. काउंटरमागे जाड चष्म्याचा दुकानदार. त्याने दादाला पाहिलं आणि अर्धा उठला. काउंटरपाशी दोन-तीन मिस्त्री आपापला माल घ्यायला उभे होते. त्यांनीही जागा करून दिली. एकाने सोबतच्याला कोपर मारलं, "बघ आता. कानवाले स्वतः आलेत." दादाची छाती बोटभर पुढे आली. मला बरं वाटलं. आता आठवलं की नको वाटतं.

दुकानदाराने तीन जातीचे मॅनिफोल्ड मांडले. पहिला चकचकीत, स्टीलच्या वाकवलेल्या नळ्या जोडून केलेला. लेकाचे डोळे तिथेच चिकटले.

"हिरो, तो शोकेसमध्ये ठेव, घर उजळेल," दादा म्हणाला. त्याने तो उलटा करून आतून दाखवला. "वेल्डिंगचे गोळे बघ आत, भाताच्या गुठळ्यांसारखे. धूर त्यांना अडखळणार. आणि नळी किती पातळ! वर टर्बोचा सगळा भार टांगायचा, त्यात रोज लालभडक व्हायचं आणि रोज गार व्हायचं. हिवाळ्याच्या आत टाके उसवतील. शर्यतीच्या पोरांना ठीक. ते दर महिन्याला नवा घेतात."

दुसरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, पण हातात घेताच दादा हसला. "बीड आहे की बिस्किट?" इंजिन आणि मॅनिफोल्डच्या मध्ये जी पातळ चकती बसते ते गॅस्केट, त्याने ते त्यावर ठेवून दाखवलं. गॅस्केटची भोकं मोठी, मॅनिफोल्डची लहान, आणि दोन तर सरळसरळ बाजूला सरकलेली. "साचाच वाकडा आहे. स्वस्त आहे ना? घेऊन जा म्हणावं ज्याला गाडी विकायची आहे त्याला."

तिसराही बिडाचा, पण जड. दोन्ही हातांनी उचलावा लागला. दादाने इंजिनाला टेकते त्या सपाट कडेची, फ्लँजची, जाडी अंगठ्याने मोजली, त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे नेली. पट्टीखालून प्रकाशाची रेघ कुठे दिसेना. फट मोजायचं सगळ्यात पातळ गेजही आत शिरेना. गॅस्केट ठेवलं तर भोकावर भोक. किंमत पाकिटात बसत होती, जेमतेम. "हा," दादा म्हणाला. "याच जातीचा घ्यायचा. दोन चार तुकडे काढा, वाजवून घेतो."

इथपर्यंत त्याचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. डोळा शाबूत, हात शाबूत, डोकं तर आम्हा सगळ्यांपेक्षा शाबूत. इतक्यात बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, आमची पिकअप आडवी उभी होती. लेक ती हलवायला पळाला.

वाजवून घेणं ही त्या बाजारातली रीत. बीड ओतताना आत बारीक तडा राहिला तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजात सापडतो. दुकानाच्या दारात त्यासाठी एक आकडा लावलेला आहे. तुकडा सुतळीने आकड्याला अधांतरी टांगायचा आणि लहान पान्याने टोला द्यायचा. चांगलं बीड खणखणीत वाजतं, आवाज हवेत रेंगाळतो. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. आणि एकदा वाजवून पसंत केलं की परत नाही. दुकानदार तेव्हाच बजावतो.

त्या जातीचे दोनच तुकडे दुकानात होते. दादाने पहिला टांगला, डोळे मिटले आणि टोला दिला. खण्ण! आवाज बोळातून पार मागच्या खोक्यांपर्यंत गेला आणि तिथेही थोडा वेळ गुणगुणत राहिला. मग दुसरा टांगला. ठप्प. बस, एवढंच. उशीवर मारल्यासारखं.

दादाने डोळे उघडले आणि दुसऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा बांधा."

मला वाटलं चुकून बोट ठेवलं.

"दादा, तो नको. तो बद्द वाजला. पहिला घे."

"काय?"

"बद्द वाजला तो!" मी मोठ्याने म्हणाले. माझ्या आवाजाने सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दादाचा चेहरा लाल झाला. "तू कव्हरं शीव," तो म्हणाला. "बीड ऐकायला मी आहे."

काउंटरपाशी दोघे हसले. मला हसले. दुकानदार मात्र हसला नाही. बरा माणूस, त्याने दादाच्या समोर वाकून हळूच म्हणून पाहिलं, "मिस्त्री, रॉकेल आणि खडू आहे माझ्याकडे. लावून बघू या का? तडा असेल तर रेघ उमटेल."

"खडू बहिऱ्यांनी लावायचा," दादा म्हणाला. सगळे पुन्हा हसले, आता मोठ्याने.

मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, पुन्हा वाजव, दोन्ही पुन्हा वाजव. त्याने वाजवले. या वेळी डोळे मिटले नाहीत. या तुकड्याकडून त्या तुकड्याकडे, मग माझ्याकडे, मग दुकानदाराच्या चेहऱ्याकडे त्याची नजर गेली. दुकानदार मान खाली घालून सुतळी गुंडाळत होता. मी दादाकडे बघत होते आणि मला स्पष्ट दिसलं, त्याला दोन्ही टोले सारखेच ऐकू आले होते. किंवा दोन्ही नव्हते आले. एक क्षण मला वाटलं, आता म्हणेल, बरं, पहिला द्या. काय जाणार होतं त्याचं? पण सगळे बघत होते. कानवाले निवडतायत म्हणून कोपरं मारून बघत होते.

"हाच," तो म्हणाला.

"वाजवून घेतलेला माल परत नाही हं, मिस्त्री," दुकानदार म्हणाला. हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी पाकीट काउंटरवर ठेवलं. अजून काय करणार होते मी? भर बाजारात त्याला बहिरा म्हणणार होते?

येताना पिकअपमध्ये आम्ही तिघं पुढेच बसलो, दादा मध्ये. मी त्याच्या डोक्यावरून लेकाला म्हणाले, "तो मॅनिफोल्ड बद्द वाजलाय. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"आई, मामांना कळतं," लेक म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता. दादा आमच्या मध्ये बसून समोर बघत होता. मांडीवर पुठ्ठ्यात गुंडाळलेला मॅनिफोल्ड, त्यावर दोन्ही हात. आम्ही त्याच्याबद्दलच बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

बसवला मात्र असा सुंदर की बघत राहावं. नवे स्टड-बोल्ट, नवं गॅस्केट. नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडा थोडा, फेऱ्या करून आवळले. "एकदम आवळायचं नाही, हिरो. बिडाला घाई चालत नाही," असं लेकाला शिकवत होता. मग गाडी सुरू केली आणि गार इंजिनातून लगेच आवाज यायला लागला. टिक-टिक-टिक-टिक. मला मशीनपाशी ऐकू आला. लेकाने वर मान केली, म्हणजे त्यालाही आला.

धूर कुठून पळतोय ते शोधायला दादा रबराची एक हातभर नळी वापरतो. एक टोक कानात, दुसरं सांध्यांवरून फिरवायचं. त्याने ती फिरवली. डोळे मिटून, मान तिरकी करून, अगदी पूर्वीसारखी. "सुरात आहे," तो म्हणाला.

घरी आल्यावर लेक जेवायचं सोडून माझ्या मागे मागे फिरत होता. शेवटी म्हणाला, "आई, आवाज येतोय."

"मग सांग त्याला."

"मी? मी कोणत्या तोंडाने सांगू? गाडीचा 'ग' त्यांनी शिकवला मला." मग स्वतःचीच समजूत घालत म्हणाला, "तापली की जातो आवाज. बीड नवं आहे. बसेल हळूहळू."

तापली की जात होता, खरं आहे. बीड तापून फुगलं की तडा बुजायचा. काही दिवस असेच गेले. मग तडा मोठा झाला आणि बुजेनासा झाला. चढावर गाडी पुन्हा धापा टाकायला लागली, मागे काळा धूर, केबिनमध्ये जळका वास. लेक संध्याकाळी घरी यायचा तो डोकं धरून. दारं उशिरा पोचायला लागली. कारखानदार पहिल्यांदा काही बोलला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्याने चौकटी दुसऱ्याच्या गाडीत भरल्या आणि लेकाला तसंच रिकामं परत पाठवलं.

"दुकानदाराने गॅस्केट भिकार दिलं," दादा म्हणाला आणि गॅस्केट बदललं. आवाज तसाच. त्याने नट पुन्हा आवळले. आवाज तसाच. दर वेळी नळी कानाला लावायचा आणि दर वेळी गाडी सुरात असायची. मी रात्रंदिवस मनात त्याला शिव्या घालत होते. माझ्या पोराच्या पोटावर पाय येत होता आणि हा आपला मोठेपणा सांभाळत बसला होता. आणि मग दुपारी जेवताना तो घास हातात धरून माझ्या ओठांकडे टक लावून बघत बसायचा, मी काय म्हणाले ते कळावं म्हणून. ते बघितलं की माझा राग कुठल्या कुठे जायचा. आत नुसतं रिकामं रिकामं वाटायचं.

त्या दिवशी लेक ठरवून आला होता. मला दारातच म्हणाला, "आज बोलतो मी. दुसरा बसवावाच लागेल, पैसे कुठून आणायचे ते बघू." पण आत गेल्यावर मामाने विचारलं, "काय हिरो, आता कशी चालते?" आणि हा ठरवलेलं सगळं विसरला. नुसता म्हणाला, "मामा, एकदा बघा ना."

दादाने बॉनेट उघडलं. लेकाने किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक सुरू झालं, आता चांगलं फटफटल्यासारखं. दादाने नळी कानात घातली, डोळे मिटले आणि गाडीला कुठे न टेकता, उभ्याउभ्याच, दुसरं टोक आत घातलं.

लेकाचा फोन वाजला. कारखान्यातून होता. आठ दिवसांनी पहिल्यांदा. इंजिनाच्या आवाजात त्याला पलीकडचं ऐकू येईना, म्हणून त्याने केबिनमध्ये हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. मुद्दाम नाही, माझ्या पोराच्या मनात तसलं काही नव्हतं. आमच्याकडे पाठ करून तो बोलत राहिला. "हो साहेब. हो, येतो. उद्या नक्की येतो."

शेडमध्ये एकदम शांत झालं. समोरच्या वेल्डरच्या दुकानातली चरचर तेवढी येत होती. मी मशीनवरून मान वर केली. दादा डोळे मिटून नळी फिरवत होता. पहिल्या सांध्यावर थांबला. मान हलवली. दुसऱ्यावर गेला.

"इथे काही नाही," तो म्हणाला. "इथेही नाही."

मी उठून उभी राहिले. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. हाक मारून काय होणार होतं? लेकाने फोन संपवून वळून पाहिलं आणि तोही जागच्या जागी थांबला. बंद पडलेल्या इंजिनावर वाकून माझा दादा शेवटच्या सांध्यापर्यंत नळी नेत होता. कपाळावर आठी होती. जीव ओतून ऐकत होता.

"गॅस्केटच होतं," तो म्हणाला. आवाजात किती आनंद! "बघ हिरो, आता कशी लागली सुरात. म्हटलं नव्हतं? बीड खणखणीत आहे!"

आणि डोळे उघडले.

समोर पंख्याची पाती उभी होती. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग बेल्टकडे. मग नळी काढली आणि तळहात इंजिनावर ठेवला, आजारी माणसाच्या छातीवर ठेवावा तसा. बराच वेळ तो हात तिथेच होता.

"कधी बंद केलीस?"

"आत्ता, मामा," लेक म्हणाला. रडायच्या बेतात होता तो. "आत्ता या क्षणी. फोन आला म्हणून. तुम्ही बोललात तेव्हा चालूच होती."

दादाने त्याचे ओठ वाचले आणि मान डोलावली. पोराने आपल्यासाठी खोटं बोलावं याहून मोठी शिक्षा त्याला दुसरी कोणी देऊ शकलं नसतं. त्याने बॉनेट हळू खाली आणलं, आदळू नये म्हणून शेवटी दोन्ही हातांनी दाबून बसवलं, आणि माझ्या कोपऱ्यात आला. फोमच्या तुकड्यांच्या ढिगावर बसला. वेल्डरने नुकतंच मशीन बंद केलं होतं. दारात दोन गाडीवाले येऊन उभे होते, त्यांना काहीतरी दाखवायचं होतं.

दादा माझ्याकडे वाकला. तोंड अगदी माझ्या कानाजवळ आणलं, लहानपणी गुपित सांगताना आणायचा तसं, आणि त्याच्या मते कुजबुजला.

"मला ऐकू येत नाही गं. काहीच नाही येत. कोणाला सांगू नकोस."

पत्रा दणाणला. दारातले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. रस्त्यापलीकडे वेल्डरने तोंडावरचा मुखवटा वर सरकवला आणि तसाच उभा राहिला. लेकाने गाडीवर डोकं टेकलं.

दादा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत.

"नाही सांगत कोणाला," मी म्हणाले, ओठ सावकाश हलवून, त्याला दिसतील असे.